राजूचं राहिलंय

मावशींशी बोलताना कोणतेही वाक्य एकदा बोलून भागत नसे. "मावशी, संध्याकाळी येतो," म्हटले की त्या हातातले काम थांबवून विचारत, "पुन्हा म्हण. येतोस, की येऊन जातोस?" येतो म्हणजे जेवायला थांबणार आणि येऊन जातो म्हणजे दारातूनच परतणार, हा फरक त्यांना आधी पक्का करून हवा असे. सिंगापुरातल्या बुकित बातोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरे मोजकीच. त्यांत नव्याने आलेल्या माणसाला पहिले काही दिवस वाटे, बाईंना कमी ऐकू येत असावे. खरे तर त्यांना आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त ऐकू येई, आणि तोच त्यांचा व्यवसाय होता.

त्या दुभाषी होत्या. कोर्टात, पोलीस चौकीत, हॉस्पिटलात कुणी मराठी किंवा हिंदी बोलणारा माणूस अडला की मावशींना बोलावणे येई. काका हार्बरफ्रंटच्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात होते. तरुणपणी स्वतः जहाजावर इंजिनिअर म्हणून फिरलेले. मुलगी जुई युनिव्हर्सिटीत. तिला मराठी सगळे समजे, पण उत्तर इंग्रजीत येई, शेवटी सिंगापुरी बोलीतला एक 'लाह' लावून. मी पुण्याहून नोकरीसाठी आलो तो त्यांच्या खालच्याच मजल्यावर, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांच्या घरचा झालो.

"शब्दाला अर्थ नसतो रे मंदार, शब्दाला शेजार असतो," हे मावशींचे आवडते वाक्य. ते किती खरे आहे हे आम्ही एकदा पाहिले. समोरच्या देशपांड्यांचे वडील भारतातून आले होते. एका सकाळी ते कपाळाला घाम येऊन सोफ्यावर बसून राहिले. आम्ही त्यांना क्लिनिकमध्ये नेले. "जीव घाबरतोय," असे ते सारखे म्हणत होते. देशपांड्याने डॉक्टरला इंग्रजीत सांगितले की बाबा घाबरले आहेत, नवीन जागा आहे ना. तरुण डॉक्टर समजुतीने हसला आणि आजोबांच्या खांद्यावर थोपटू लागला. मावशी ताडकन पुढे झाल्या. "डॉक्टर, हा माणूस कशालाही भ्यायलेला नाही. त्याच्या छातीत काहीतरी होतंय." तपासणी झाली, रुग्णवाहिका आली आणि आजोबा वाचले. परतताना मावशी देशपांड्यावर रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आईबापांचं मराठी मुलांनी गृहीत धरू नये."

कोर्टात जायचे असले की त्या कानातली काढून ठेवत. कानाशी काही किणकिणलेले त्यांना चालत नसे. आणि कोर्टात ऐकलेली कुणाची गोष्ट घरी येऊन सांगत नसत. त्यामुळे विक्रांतच्या खटल्यात त्यांनी काम केले होते, हे मला बरेच उशिरा कळले.

खटला मात्र सगळ्यांना ठाऊक होता. देवगडचा विक्रांत एका टँकरवर चीफ ऑफिसर होता. जहाज सिंगापूरच्या बंदरात होते. मालाच्या एका टाकीत नायट्रोजन भरायचा होता. काकांनी मला समजावले होते, की तो भरला की टाकीतला प्राणवायू निघून जातो. आत माणूस असला तर दोन-चार श्वासांत आडवा होतो. त्या दिवशी आत माणूस होता. राजू नावाचा ओडिशाचा फिटर वरून मोजमाप घेत असताना हातातले यंत्र टाकीत पडले, म्हणून कुणाला न सांगता ते आणायला खाली उतरला होता. तो वर आला नाही. आदल्याच दिवशी विक्रांतने सगळ्यांसमोर त्याची कॉलर धरली होती. आणि गॅस सोडण्याआधी विक्रांत आणि डेकवरचा खलाशी गणेश यांच्यात वॉकी-टॉकीवर जे मराठी बोलणे झाले, ते जहाजाच्या ध्वनिमुद्रणात सापडले.

त्याचे इंग्रजी भाषांतर कोर्टापुढे आले ते असे. गणेश म्हणतो, 'राजू अजून राहिला आहे.' विक्रांत म्हणतो, 'त्याला मरू दे, गॅस सोड.'

पुढे बोलायला जागाच नव्हती. विक्रांत पहिल्या दिवसापासून सांगत होता की मी तसे म्हटलेच नाही. पण आरोपी दुसरे काय सांगणार? गणेश इतका घाबरला होता की आपण नेमके काय बोललो ते आठवत नाही, एवढेच म्हणाला. विक्रांतला खुनासाठी दोषी धरून जन्मठेप झाली, आणि त्याने अपील केले. ते भाषांतर मावशींचे होते.

तो रविवार मला स्पष्ट आठवतो. जुईने तिची चिनी मैत्रीण जेवायला आणली होती, मीही होतो. मावशी थालीपिठे लावत होत्या. ती मैत्रीण भारी गुणी. बेसिनमधली सकाळची भांडी पाहून बाह्या सरसावून उभी राहिली. मावशी तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "अगं जुई, तिला सांग, ते मरू दे, आधी गरमगरम खाऊन घ्या."

जुई मैत्रिणीला म्हणाली, "Mum says forget it lah, eat first."

मावशींचा हात थांबला. "पुन्हा म्हण," त्या जुईला म्हणाल्या.

"काय? Forget it lah. That's what you said, right?"

"हो," मावशी म्हणाल्या. "तेच म्हटलं मी." तव्यावरचे थालीपीठ करपले, तरी त्यांनी ते उलटले नाही. शेवटी मीच गॅस बंद केला.

जेवणे झाल्यावर मुली बाहेर गेल्या आणि मावशींनी काका आणि मला समोर बसवले. विक्रांतच्या खटल्यात त्यांना काम देताना रेकॉर्डिंग एकदाच ऐकवले होते. पंख्यांची घरघर इतकी, की शब्द सुटे होत नव्हते. मग कुणीतरी आधीच टाइप करून ठेवलेले ते बोलणे त्यांच्या हातात दिले गेले, तेही इंग्रजी लिपीत. Raju cha rahilay ajun. Te maru de. "मी ते 'राजूच राहिलाय' असं वाचलं," मावशी म्हणाल्या. "म्हणजे सगळे वर आले, राजूच तेवढा राहिला. मग पुढचं 'मरू दे' त्याच्याच अंगावर जाऊन बसलं. पण मधे 'ते' आहे हो! 'त्याला' नाही, 'ते' आहे. मी रोज दहा वेळा म्हणते, ते मरू दे. दूध उतू गेलं, ते मरू दे. बस चुकली, ते मरू दे. त्यात कुणी मरत नाही."

"आणि आधीचं वाक्य?" मी विचारले.

"ते मला ऐकायला हवं. कागद नको, आवाज हवा."

काका म्हणाले, "अगं, नीट विचार कर. निकाल लागलेल्या खटल्यात तू आपण होऊन सांगणार की मी चुकले? उद्या तू केलेलं प्रत्येक भाषांतर लोक उकरून काढतील. इतक्या वर्षांचं नाव आहे तुझं."

"नाव माझं आहे ना? मग माझं जाऊ दे. तो मुलगा माझ्या वाक्यानं आत बसलाय."

"आणि ऐकलंस, आणि तुझं पहिलंच बरोबर निघालं तर?"

"तर देवाचे आभार मानून झोपेन. पण आता न ऐकता झोप लागायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्टाच्या ऑफिसला आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना एकाच वेळी कळवले: माझ्या भाषांतराबद्दल मला शंका आहे, मूळ आवाज पुन्हा ऐकू द्यावा. एकाच बाजूला सांगितले असते, तर तो पक्षपात झाला असता, असे त्यांचे म्हणणे.

विक्रांतचे अपील चालवणारे वकील तमिळ होते; उंच, सडपातळ, बोलण्यात काटकसरी. त्यांनी एका तज्ज्ञाकडून रेकॉर्डिंगमधली घरघर कमी करून घेतली. काका ऑफिसातून निघू शकत नव्हते, म्हणून मावशींसोबत मी गेलो. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले. ऐकले. पुन्हा ऐकले. कितीदा ऐकले कोण जाणे. वकीलसाहेबांचा चहा गार होऊन गेला. मग त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तू सांग. मी काही बोलत नाही."

मी ऐकले. लांबून, पण सुटा सुटा आवाज आला. "सर, राजूचं राहिलंय अजून." "ते मरू दे. गॅस सोड."

राजू राहिलेला नव्हता, राजूचं राहिलं होतं. त्याचे मोजमाप, त्याचे काम. आणि चीफ ऑफिसर घाईत म्हणत होता, ते राहू दे.

वकीलसाहेबांना हे समजावताना मावशींनी टेबलावर बोटाने अक्षरे काढली. 'राहिलाय' म्हटले तर पुरुष राहिला. 'राहिलंय' म्हटले तर पुरुष नाही, बाई नाही. काहीतरी काम राहिले. वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, म्हणजे फरक फक्त एका टिंबाचा?"

"टिंबाचा नाही," मावशी म्हणाल्या. "माणसाचा आणि कामाचा."

सुनावणीच्या आधी विक्रांतची आई देवगडहून आली. मावशींनी तिला हट्टाने स्वतःच्याच घरी उतरवून घेतले. नऊवारीवर लोकरीचा स्वेटर घातलेली ती बाई मॉलच्या थंड हवेला वैतागून म्हणायची, "ह्यां कसला ओ, बाहेर ऊन नि आत हिंव!" एका दुपारी तिने विचारले, की माझ्या झिलाने मारायचे ठरवले होते असे कुणीच म्हणत नाही, मग खून कसा? वकीलसाहेबांनी आम्हाला कायदा इंग्रजीत समजावला होता. त्यात धोक्याची जाणीव, मृत्यूची शक्यता, कारणाचा अभाव असे मोठमोठे शब्द होते. मावशींनी ते सगळे एका वाक्यात आणले. "वहिनी, मारायचं ठरवलंच पाहिजे असं नाही. 'मेला तर मेला, मला काय त्याचं' असं मन असलं आणि त्या मनानं माणसानं जीव जाईलच असं काही केलं, तर तोही खूनच. सरकारनं ते मन सिद्ध केलं ते माझ्या एका वाक्यावर."

मला वाटले, आता म्हातारी काहीतरी कठोर बोलणार. ती म्हणाली, "मगे तां वाक्य तुमीच मागे घेवा. दुसऱ्या कोणाक जमाचां नाय."

अपील कोर्टाने मावशींची साक्ष ऐकायची परवानगी दिली. साक्षीच्या दिवशी काका रजा काढून आले होते. मावशींनी पांढरी, बारीक काठाची साडी नेसली होती. ज्या कोर्टात त्या एवढी वर्षे दुसऱ्याचे शब्द बोलल्या होत्या, तिथे आज पहिल्यांदा स्वतःचे बोलायला उभ्या होत्या. काचेच्या पलीकडे विक्रांत बसला होता. केस बारीक कापलेले, खांदे आत गेलेले. आईला पाहून त्याने हात जोडले.

सरकारी वकील तरुण बाई होत्या आणि फार हुशार होत्या. त्यांनी सरळ वर्मावर बोट ठेवले. "मागच्या वेळी तुम्ही शपथेवर सांगितलंत, 'त्याला मरू दे.' आज शपथेवर वेगळं सांगताय. तुमच्या कोणत्या शपथेवर विश्वास ठेवायचा?"

"आजच्या," मावशी म्हणाल्या. "तेव्हा मी कागद वाचला होता. तो माझा दोष आहे, आरोपीचा नाही. आज मी आवाज ऐकलाय. माझ्यावर विश्वास नसेल, तर कोणाही दुसऱ्या मराठी माणसाला ऐकवा."

"मराठीत 'ते' हे आदरार्थी पुरुषालाही वापरतात ना? मग 'ते' म्हणजे राजू असू शकत नाही का?"

मी काकांकडे पाहिले. हा प्रश्न आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. मावशी किंचित हसल्या. "वापरतात. मी माझ्या नवऱ्यालाही वापरते." न्यायाधीशांपैकी एकाच्या चेहऱ्यावर हसू आले. "पण आदल्या दिवशी ज्याची कॉलर धरली, त्याला कुणी अहो-जाहो करत नाही. आणि केलंच, तरी वाक्य 'त्यांना मरू दे' असं होईल. माझ्या भाषेत जिवंत माणसाला मरू द्यायचं असेल, तर त्याला 'ला' किंवा 'ना' लावावाच लागतो. वस्तूला तो लागत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो नाही."

"रागाच्या भरात माणूस शब्द गाळू शकतो."

"रागात माणूस पुष्कळ काही गाळतो. पण व्याकरण त्याच्या डोक्यात नसतं, जिभेत असतं. ते गळत नाही."

मग मधल्या न्यायाधीशांनी स्वतः विचारले, "तुमच्या मते, राजू आत आहे हे आरोपीला माहीत नव्हतं?"

वकीलसाहेबांनी श्वास रोखलेला मला दिसला. एक 'हो' म्हटले असते तर किती सोपे झाले असते. मावशी न्यायाधीशांकडे वळल्या. "युअर ऑनर, त्याला काय माहीत होतं हे मी सांगू शकत नाही. गणेशनं त्याला 'राजू आत आहे' असं सांगितलं नाही आणि त्यानं 'मरू दे त्याला' असं म्हटलं नाही, एवढंच मी सांगू शकते. आत कुणी आहे का हे त्यानं विचारायला हवं होतं. रेकॉर्डिंगमध्ये त्यानं ते विचारलेलंही नाही."

बाहेर आल्यावर काका चिडले. "शेवटचं वाक्य कशाला बोललीस? तुला विचारलं होतं का?"

"अहो, अर्धं भाषांतर मी एकदा करून बसलेय," मावशी म्हणाल्या. "आता पुरं केलं."

निकालाच्या दिवशी तेच वाक्य कामी आले. न्यायाधीशांनी म्हटले, की या साक्षीदाराने स्वतःची चूक आपण होऊन पुढे आणली आणि आरोपीच्या विरुद्ध जाणारे सत्यही लपवले नाही, म्हणून तिच्या साक्षीवर आमचा पूर्ण विश्वास आहे. माणूस मरणारच हे ठाऊक असून बेपर्वाईने गॅस सोडला, हे सरकारला सिद्ध करता आलेले नाही. खुनाची शिक्षा रद्द. विचारपूस न करता गॅस सोडला, त्या निष्काळजीपणाबद्दल दोषी; पण त्याची शिक्षा विक्रांतने केव्हाच भोगली होती. तो सुटला.

विक्रांतच्या आईला इंग्रजी कळत नव्हते. ती मावशींचा हात घट्ट धरून त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. ज्या बाईने हजारो वाक्ये इकडून तिकडे नेली, तिला त्या क्षणी एक शब्द फुटेना. तिने नुसती मान हलवली, वरून खाली. म्हातारीला तेवढे पुरले. "माझो झील!" अशी तिची हाक त्या गंभीर दालनात घुमली. शिपायाने बोट ओठांवर नेले आणि मग स्वतःच खाली घेतले. काका, माझे करारी काका, रुमालात तोंड खुपसून रडत होते. "बघ मंदार," ते म्हणाले, "नाव जाईल म्हणत होतो मी! गाढव मी!"

नाव गेले नाहीच. काही महिने मावशींना बोलावणे आले नाही, हे खरे. त्या काळात त्या शांतपणे लोणची घालत होत्या. मग पुन्हा फोन येऊ लागले, आणि पूर्वीपेक्षा अवघड कामांसाठी येऊ लागले. कुठल्या वकिलाला शंका आली तर तो म्हणे, त्या बाईंना बोलवा, चुकल्या तर त्या स्वतः सांगतील.

काका निवृत्त झाल्यावर दोघे पुण्याला परत गेले. जुई इथेच नोकरीला आहे आणि तिचे मराठी सुधारले आहे. फोनवर आईशी भांडायला ते लागते, असे ती सांगते. चांगी विमानतळावर निरोप देताना मला काहीतरी मोठे बोलायचे होते. मावशींनी माझ्या गालावर थोपटले आणि म्हणाल्या, "राहू दे. कळलं मला." मी त्यांना अजून दर रविवारी फोन करतो. पण त्यांची आठवण आली की डोळ्यांसमोर येते ती विक्रांत सुटल्यानंतरची दुपार.

विक्रांतचा इथे राहण्याचा परवाना संपलेला असल्यामुळे त्याला लगेच देश सोडायचा होता. जाण्याआधी मावशींनी त्याला आणि त्याच्या आईला जेवायला बोलावले. सुरमई तळत होती, सोलकढी तयार होती, घरात सणासारखी गडबड होती. पण पाने घेण्याआधी मावशींनी विक्रांतला बाजूला बसवले. "बाळा, तू सुटलास, आनंद आहे. पण राजू गेलाय. त्याच्या बायकोला इतकी वर्षं सगळ्यांनी सांगितलंय की तुझ्या नवऱ्याला कुणीतरी मुद्दाम मरू दिलं. ते वाक्यही माझंच. तिचा नंबर वकीलसाहेबांनी तिला विचारून दिलाय. ती बोलायला तयार आहे. तू आहेस?"

विक्रांतने मान डोलावली.

फोन स्पीकरवर होता. आधी मावशी बोलल्या, हिंदीत, सावकाश. आपण कोण, आपली चूक काय झाली, ते काही न लपवता. मग विक्रांत बोलला. "भाभी, मैंने उसे मारना नहीं चाहा था. पर मुझे पूछना चाहिए था कि अंदर कोई है क्या. मैंने नहीं पूछा."

पलीकडून एक कोंबडा आरवल्यासारखे ऐकू आले. मग त्या बाईचा आवाज आला. "मैं रोज सोचती थी, उसने किसी का क्या बिगाड़ा था कि कोई उसे ऐसे छोड़ दे. अब नहीं सोचूँगी." आणि तिने विचारले, "आपकी माँ हैं वहाँ?"

विक्रांतने फोन आईकडे दिला. आईला हिंदी जेमतेम, त्या बाईलाही जेमतेमच. थोड्याच वेळात एक मालवणीत बोलू लागली आणि दुसरी ओडियात. आमची म्हातारी मधेच हुंदके देई, मधेच मान हलवी, एकदा तर चक्क हसली. पलीकडूनही हसण्याचा आवाज आला. तळलेली सुरमई गार होत होती. आम्ही सगळे ताटकळत उभे होतो, आणि मावशी खुर्चीत मागे रेलून, हात मांडीवर ठेवून नुसत्या ऐकत होत्या.

न राहवून मी हळूच विचारले, "मावशी, काय बोलताहेत त्या?"

मावशींनी डोळे पुसले आणि हसल्या. "मला काय माहीत? मला कुणी भाषांतर करायला सांगितलंच नाही," म्हणाल्या, आणि पाने वाढायला उठल्या.